फ्रीजच्या दारातलं बी

९ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद लिहून सुरुवात करत नाही. माझ्या आशीर्वादाची तुझ्याकडे सध्या काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याची खूण दिसते आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र जावईबापूंच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. ते तुझ्या उशाशी ठेवतो म्हणालेत. वाच, फाड, त्याच्यावर चहाचा कप ठेव, पण घरात असू दे.

तुम्ही दोघं हे घर सोडून गेलात त्याला उद्या सहा आठवडे होतील. तुझ्या खोलीतलं मी काही हलवलेलं नाही.

मागच्या अंगणाचं पुन्हा एकदा सांगते, कारण त्या दिवशी तू ऐकून घ्यायच्या अवस्थेत नव्हतीस. बाळ गेलं होतं, सहा महिने पोटात वाढवलेलं. तू दवाखान्यात होतीस आणि चौथ्या दिवशी घरी येणार होतीस. आल्यावर तुझ्या डोळ्यांना बरं वाटावं, घर लख्ख असावं, एवढंच माझ्या मनात होतं. मागे गुडघाभर रान माजलेलं. माळ्याला बोलावलं आणि साफ करून घेतलं. त्यात तुझी तीन वर्षांची मेहनत आहे, हे मला काय कळणार? तू ज्यांना रानफुलं म्हणतेस ती मला फूल येईपर्यंत गवतच दिसतात, आणि फूल आल्यावरही बरीचशी गवतच दिसतात. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तू स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलंस आणि उंबऱ्यावर उभी राहिलीस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

आज फ्रीज पुसताना दारातल्या खालच्या कप्प्यात तुझा डबा सापडला. त्यात कागदाची सतरा पाकिटं, प्रत्येकावर तुझं ते मुंगीसारखं अक्षर. बी कुठून आणलं, कुठल्या तारखेला, बाजूला कुठलीशी परकी नावं. ती मला वाचता येत नाहीत. पण ‘टेकडीमागची पायवाट, पिवळी’ हे वाचता आलं. ‘ओढ्याकाठी, जांभळी, हिच्यावर भुंगे झोपतात’ हेही वाचलं.

काल जावईबापूंचा फोन आला होता. तू भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. आंघोळीची आठवण करून द्यावी लागते. गोळ्या उशीखाली सापडल्या. तो माणूस फोनवर रडला गं. मला तू उठायला हवी आहेस, एवढंच. माझ्याशी काय भांडायचं ते उठल्यावर भांड.

मी तुझी बाग पुन्हा उगवणार आहे. फुलं आली की तू बघायला येशील. उद्यापासून लागते.

आई


३ फेब्रुवारी

मुंगे,

उगवलं. पण गवत.

मी सगळं व्यवस्थित केलं होतं, म्हणून सांगते. जमीन खणून घेतली, गाडीभर शेणखत आणून मिसळलं, वर पालापाचोळ्याचं खत, सकाळ-संध्याकाळ पाणी. बी पेरलं आणि दोन बोटं मातीखाली दाबलं. दहा दिवसांत अंगण असं हिरवंगार झालं की मी चहा घेऊन दारात बसायला लागले. मग एका सकाळी खाली वाकून नीट बघितलं. एकाच जातीची पाती, सगळी गवताची. सात पाकिटं त्यात गडप झाली.

तुझी वही तेव्हा शोधली. आधी शोधायला हवी होती, पण मला कोणी शिकवायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं, हे तुला माहीतच आहे. पहिल्याच पानावर लिहिलंयस : ‘खत अजिबात नको. माती जितकी उपाशी, तितकी फुलं जास्त. खाऊपिऊ घातलं की गवत माजतं आणि फुलं गुदमरतात. बी पुरायचं नाही, वाळूत कालवून नुसतं वर भुरभुरायचं. त्याला उजेड हवा.’

आयुष्यभर मला माया करायची एकच रीत माहीत, वाढायची. कोणी रडलं वाढ, कोणी चिडलं वाढ, पाहुणा नको म्हणाला तर दुप्पट वाढ. आणि ही तुझी फुलं निघाली उपाशी राहणारी.

आता वरची वीतभर माती खरवडून बादलीने पुढच्या रस्त्याकडे टाकतेय. रोज वीस बादल्या, त्याच्यावर कंबर ऐकत नाही. कोपऱ्यावर बांधकाम चाललंय, तिथून रेती आणि खडी मागून आणली. मुकादम म्हणाला, “आजी, काय बांधताय?” म्हटलं, “बांधत नाही बाबा, मोडलेलं सांधतेय.” त्याने दोन पोती जास्त दिली.

मागे फार सुनं वाटतं. पूर्वी संध्याकाळी तू मला हाताला धरून न्यायचीस, जांभळ्या फुलात भुंगे पाय दुमडून कसे झोपलेत ते दाखवायला. ‘आई, माझे पाहुणे,’ म्हणायचीस. मी म्हणायचे, पाहुणे जेवून जातात, हे तर मुक्कामालाच आलेत. तो दगडावरचा सरडा, ती शेपटी हलवणारी चिमणीएवढी पाखरं, कोणीच येत नाही आता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुझं वजन किती झालं ते जावईबापू सांगत नाहीत. मी विचारलं की, “आहे बरी,” म्हणतात. बरी असतीस तर त्यांनी आकडा सांगितला असता.

दहा पाकिटं उरलीत.

आई


११ मार्च

मुंगे,

काल फोन आला आणि मला आधी वाटलं, चांगली बातमी आहे. जावईबापू म्हणाले, “आई, आज ती स्वतःहून बोलली.” मी देवासमोर हात जोडायला वळले, तोवर ते पुढे म्हणाले, “‘आईला विचार, काड्या कुठे आहेत,’ एवढंच म्हणाली.”

काड्या म्हणजे त्या आइस्क्रीमच्या, लाकडी. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी तू एकेक रोवायचीस, वर फुलाचं नाव लिहून.

मला काही काड्या दिसल्या नाहीत गं. असतील तर माळ्याने गवताबरोबर ओढून टाकल्या असतील. एवढीशी काडी ती, कोणाच्या लक्षात येणार? त्याला विचारलं असतं, पण तो गावाला निघून गेलाय. आणि एवढ्या सगळ्यात काड्यांचं काय घेऊन बसलीस. तू काय खाल्लंस ते कळव. किंवा नको कळवूस, पण खा.

इकडचं सांगते. काही बियांचं कवच दगडासारखं असतं आणि ती पॉलिशपेपरवर घासल्याशिवाय पाणी पीत नाहीत, असं तुझ्या वहीत आहे. मी लाकडावर घासायचा तो कागद आणला आणि चष्मा नाकावर ठेवून एकेक बी घासतेय. हळू घासलं तर काही होत नाही, जोरात घासलं तर बी फुटतं. साठातली बावीस फोडली. काही बिया ओल्या वाळूत कालवून फ्रीजमध्ये ठेवल्यात, सहा आठवडे. त्यांना थंडी लागून गेल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत म्हणे. रोज सकाळी दूध काढताना त्यांना बघते. काहीही नसतं, पण बघते.

उरलेल्यांतली चार पाकिटं रेतीत पेरलीत. पंधरा दिवस झाले. रेती आहे तशी आहे.

मी रात्री झोपत नाही हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

आई

ता. क. माळी गावाला गेलेला नाही. परवाच बाजारात भेटला. तसं का लिहिलं, मला कळत नाही.


२२ एप्रिल

मुंगे,

चार रोपं आली आहेत. मोजून चार. मी गुडघ्यावर बसून, नाक जमिनीला लावून खात्री केली. पात गवताची नाही, पानं समोरासमोर आहेत आणि कडेला दाते आहेत. फ्रीजमधल्या वाळूतली आहेत, खडीत टाकलेली. कुठल्या फुलाची ते सांगता येत नाही, कारण मी वेंधळीने दोन पाकिटं एकत्र कालवली होती. त्यांना मी पाणीसुद्धा भीतभीत घालते. शेजारचं मांजर आलं की धावत जाते. या वयात मला असं धावताना बघून समोरच्या गॅलरीत दोन जणी हसतात, हसू देत.

तुला ही बातमी लगेच द्यायची होती, म्हणून फोन लावला. जावईबापूंनी उचलला आणि पहिल्यांदा आकडा सांगितला. अडतीस किलो. तुझ्या दहावीत तू चव्वेचाळीस होतीस. डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात खायला लागली नाही तर भरती करून नळीने द्यावं लागेल. मग मी रोपांचं सांगितलंच नाही. चार रोपं काय आणि अडतीस किलो काय.

सोमवारी सकाळी त्यातलं सगळ्यात मोठं रोप अर्धं खाल्लेलं दिसलं. पानाच्या खाली एक अळी, हिरवी, बोटाच्या पेराएवढी, पाठीवर काळे ठिपके. मी चिमटीत धरली, चिरडणारच होते. तेवढ्यात तुझं वहीतलं वाक्य आठवलं : ‘पान कुरतडलेलं दिसलं की आनंद करायचा. त्यांच्यासाठीच तर लावलंय.’ पाच महिन्यांनी तुझा पहिला पाहुणा आला, आणि तो घरच खायला निघाला. मी तिला परत पानावर ठेवली. मग तिथेच बसून ती खाताना बघत राहिले. तिचं तोंड कसं चालतं ते बघत होते आणि तू खात नाहीस, एवढं एकच डोक्यात. शेवटी मी तिच्यावर ओरडले. अळीवर ओरडणारी बाई मी पहिलीच असेन.

दोन दिवसांनी रोपाचा नुसता दांडा उरला. तीन रोपं आहेत.

मुंगे, एक घास खा. मला माफ करू नकोस, पण एक घास खा.

आई


६ मे

मुंगे,

हे पत्र जावईबापूंनी तुला मोठ्याने वाचून दाखवावं, असं मी त्यांना फोनवर सांगितलंय. तू कान झाकलेस तरी वाचा म्हटलंय.

काल रात्री तू त्यांना बोललीस ते त्यांनी मला सांगितलं. सांगू नये असं त्यांना वाटत होतं, मी शपथ घातली. तू म्हणालीस, “मीच मारलं त्याला. सहाव्या महिन्यात मी वाकून वाकून बी पेरत होते. आई रोज बजावत होती. आईलाही तेच वाटतं, म्हणून तर तिने बाग उपटली. काड्या काढून मग उपटली.”

तुला सगळं माहीत होतं तर.

काड्या माझ्याकडे आहेत. एक्केचाळीस आहेत, रबर लावून शिवणाच्या मशिनच्या खणात ठेवल्यात. माळी यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः मागे गेले आणि एकेक काढली. काड्या दिसल्या असत्या तर त्याने विचारलं असतं, हे लावलेलं आहे का म्हणून. तेवढं त्याने विचारू नये, म्हणून. मी ‘गवत वाटलं’ म्हणून चार महिने लिहीत राहिले. मला पिवळी ओळखू येत होती, जांभळी ओळखू येत होती. तू हाताला धरून दाखवलेलं एकही फूल मी विसरले नव्हते. माळी उपटत होता आणि मी दारात उभी राहून म्हणत होते, “मुळासकट काढा.”

मला राग आला होता. नातू गेला आणि मला कोणावर तरी तो राग काढायचा होता. तू दवाखान्यात पांढरीफटक पडलेलीस, तुझ्यावर कसा काढणार? मी तो बागेवर काढला. मी तुला हजारदा म्हटलं होतं, ‘वाकू नकोस, ती माती कुठे पळून जात नाही.’ तू हसून वाकायचीस. मला वाटलं, बघ, झालं ना माझं खरं.

आता जे लिहितेय ते याहून वाईट आहे.

माझं खरं नव्हतं. आणि ते मला बाग उपटायच्या आदल्या दिवशीच कळलं होतं.

बाळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. तू गुंगीत होतीस, जावईबापू औषधं आणायला खाली गेले होते. बाकावर त्या माझ्याशेजारी बसल्या. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता. त्या म्हणाल्या, “बाळाला पोसणारी वार पहिल्यापासूनच नीट धरलेली नव्हती. तिने वाकल्याने, चालल्याने, काही उचलल्याने हे झालेलं नाही. ती सहा महिने पलंगावर पडून राहिली असती तरी हेच झालं असतं. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही. मी आज संध्याकाळपासून रजेवर आहे, म्हणून तुम्हाला सांगते. शुद्धीवर आली की हे तिला सांगा. आजच सांगा. अशा वेळी बायका स्वतःलाच दोषी धरतात.”

मी मान हलवली. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तीस वर्षं मी कचेरीच्या टेलिफोनवर बसले. लोकांचे निरोप लिहून घेतले, पोचवले, कोणाचा एक चुकवला नाही. आणि हा एक तुझा निरोप मी दाबून ठेवला.

का, ते मी स्वतःला रोज विचारते. आधी विश्वास ठेवला नाही. वाटलं, डॉक्टर काय, समजूत घालायला काहीही बोलतात. नंतर विश्वास बसला, पण तोवर बाग उपटून झाली होती. आता सांगितलं असतं तर मग बाग कशासाठी उपटली, हे विचारलं असतंस. म्हणून एक दिवस थांबले. मग तुम्ही निघून गेलात, आणि एका दिवसाचे पाच महिने झाले. तू भिंतीकडे तोंड करून पडलीस ते बागेसाठी, असंच मी स्वतःला पटवत राहिले. बाग पुन्हा उगवून दिली की तू उठशील आणि मला हे कधी बोलावंच लागणार नाही, या हिशेबाने मी बी घासत बसले. तू तिकडे वाळत चाललीस आणि मी इकडे अळीशी भांडत होते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही. तो कागद याच पाकिटात घातलाय. जावईबापू, तो वेगळा काढा आणि तिच्या हातात द्या. तिला कुठल्याही डॉक्टरकडे घेऊन जा आणि तिच्यासमोर वाचायला लावा. मी सांगितलेला एक शब्द कमी-जास्त निघाला तर हे सगळं खोटं समजा.

मुंगे, तू त्याला मारलं नाहीस. तू वाकलीस म्हणून काही झालं नाही. तू काहीही केलं नाहीस.

हे मी तुला त्याच दिवशी, तुझा हात हातात घेऊन सांगायला हवं होतं.

आई


१९ मे

मुंगे,

हे पत्र टाकायचं नाही, नुसतं लिहितेय.

जावईबापूंचा काल फोन आला. त्यांनी पत्र वाचायला सुरुवात केली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतीस. काड्यांपाशी तू हललीस. डॉक्टरबाईंपाशी तू उठून बसलीस. पत्र त्यांच्या हातातून ओढून घेतलंस आणि शेवटपर्यंत स्वतः वाचलंस. मग पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकलास. ते म्हणाले, “आई, ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खालचे लोक वर आले.” मला तुझा आवाज ऐकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तू स्वतः तयार झालीस. कागद घेऊन तिथल्या मोठ्या दवाखान्यात गेलीस, त्यांना बाहेर बसवलंस आणि एकटी आत गेलीस. अर्ध्या तासाने बाहेर आलीस. घरी येऊन ताट वाढून घेतलंस. अर्धं खाल्लंस, थांबलीस, रडलीस आणि उरलेलं खाल्लंस.

मग म्हणाले, “अजून एक आहे, आई.” मी म्हटलं, “सांगा, जे असेल ते सांगा.”

“ती म्हणाली, आईला सांग, आता पत्र पाठवू नको. फोन करू नको. इकडे येऊ नको. मी बोलावेपर्यंत नाही, आणि बोलावेन असं समजू नको.”

मी म्हटलं, “बरं.”

दुसरं काय म्हणणार? खाई त्याला खवखवे, हे मी तुला लहानपणी किती वेळा ऐकवलंय. फोन ठेवायच्या आधी मी त्यांना एकच गोष्ट विचारली. म्हटलं, “हे सांगताना ती पडून होती का?”

ते म्हणाले, “नाही आई. उभी होती.”